भाच्याची जुनी फेलनी कमी होईल का?

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारला राहते. माझ्या बहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे, ग्रीन कार्ड आहे त्याचं. २०१२ साली कॉलेजात असताना मित्रांच्या नादाने एका स्टोअरमधून ६०० डॉलरच्या आसपासचा माल उचलला, पकडला गेला, बर्गलरीची (चोरीच्या हेतूने आत शिरण्याची) फेलनी, म्हणजे मोठा गुन्हा, लागली. थोडे दिवस काउंटी जेल, मग प्रोबेशन (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली), सगळं पूर्ण केलं, त्यानंतर एकही भानगड नाही. पण नोकरीसाठी बॅकग्राउंड चेक झाला की तेच पुढे येतं. ओळखीतले एकजण म्हणतात की तिथला कायदा बदललाय, अर्ज टाकला की रेकॉर्ड साफ होतं आणि मग तो दिवाळीला बिनधास्त येऊन जाऊ शकतो. त्याची आजी रोज विचारते. खरं आहे का हे?
– एक मावशी, बडोदा

उत्तर: मावशी, अर्धं खरं आहे, आणि जे खरं नाहीये त्यातच पोराचं नुकसान व्हायची भीती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायदा खरंच बदललाय. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मतदान करून प्रपोझिशन ४७ पास केलं. त्यात ९५० डॉलरपर्यंतची बहुतेक चोरी आणि स्वतःच्या वापरापुरतं ड्रग जवळ बाळगणं हे फेलनीतून काढून मिसडिमिनरमध्ये टाकलं, म्हणजे मोठ्या गुन्ह्यातून किरकोळ गुन्ह्यात. दुकान उघडं असताना आत शिरून ९५० च्या आतला माल उचलला तर ती आता बर्गलरी नाही, शॉपलिफ्टिंग. आणि मुख्य म्हणजे हे जुन्या केसेसनाही लागू केलं. ज्यांची शिक्षा चालू होती त्यांच्यासाठी रीसेंटन्सिंग, म्हणजे शिक्षा नव्याने ठरवणं, ज्यांची संपली त्यांच्यासाठी गुन्ह्याचा दर्जा कमी करायचा अर्ज. चालू शिक्षेत जज सार्वजनिक धोक्याचं कारण देऊन नाही म्हणू शकतो, पण शिक्षा भोगून झालेल्याच्या बाबतीत अटी बसल्या की तो प्रश्नच येत नाही. खून, लैंगिक अत्याचार असले जुने गंभीर गुन्हे नावावर असतील तर मात्र हा रस्ता बंद.

अर्जाची मुदत ४ नोव्हेंबर २०२२ ला संपली. पण उशीर का झाला ह्याचं पटेल असं कारण दिलं तर कोर्ट अजूनही अर्ज घेऊ शकतं. दुसरी वाट कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडच्या कलम १७(बी) ची, त्यातही फेलनीची मिसडिमिनर करून मिळू शकते, आणि तिला मुदत नाही. तुमच्या भाच्याला स्टेट प्रिझन (राज्याचा मोठा तुरुंग) न होता प्रोबेशन मिळालं आणि दुकानातली बर्गलरी फेलनी आणि मिसडिमिनर दोन्हींत मोडू शकणारा गुन्हा आहे, म्हणून वकिलाला ही वाटसुद्धा नक्की विचारायला सांगा, फक्त इथे निर्णय जजच्या मर्जीवर असतो. अर्ज जिथे शिक्षा झाली त्याच काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जातो. माल ९५० च्या आत होता हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची, म्हणून पोलीस रिपोर्ट, दुकानाची किमतीची यादी, जे मिळेल ते आत्ताच काढून ठेवायला सांगा. पैशाची अडचण असेल तर त्या काउंटीच्या पब्लिक डिफेंडरच्या (सरकारने दिलेल्या बचावाच्या वकिलाच्या) ऑफिसात चौकशी करू दे, पुष्कळ ठिकाणी हे काम फुकट करतात.

आता ‘रेकॉर्ड साफ’ बद्दल. गुन्हा पुसला जात नाही, फक्त दर्जा उतरतो. नोकरीच्या फॉर्मवर फेलनी आहे का ह्याला नाही म्हणता येतं, हे लहान नाही, त्या पोराने इतकी वर्षं तो डाग वागवलाय. पण प्रपोझिशन ४७ खाली दर्जा उतरला तरी बंदुकीवरची बंदी उठत नाही. आणि २०२४ च्या प्रपोझिशन ३६ नंतर चोरीच्या दोन जुन्या शिक्षा असतील तर पुढची छोटी चोरीसुद्धा परत फेलनी होऊ शकते, जुनी मिसडिमिनर असली तरी मोजतात. (आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ५००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे. मला हे योग्य वाटतं, विशीतल्या पोराचं आयुष्य तेवढ्यावरून अडवू नये.)

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवाळी. इमिग्रेशन हा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा आहे आणि तो कॅलिफोर्नियाचं सगळं जसंच्या तसं मानत नाही. तिथे गुन्हा कबूल केला असेल तर नंतर स्टेट कोर्टाने दया दाखवून केस रद्द केली तरी ती शिक्षा धरतात. चोरीचा गुन्हा असलेला ग्रीन कार्डवाला बाहेर जाऊन परत आला की एअरपोर्टवर त्याला नव्याने प्रवेश मागणारा समजून अडवू शकतात. एकाच छोट्या गुन्ह्यासाठी सूट आहे, पण ती जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकत होती आणि प्रत्यक्षात किती झाली ह्यावर ठरते, म्हणून दर्जा कमी झाला तर उपयोग होऊ शकतो, पण आपोआप होईलच असं नाही.

म्हणून मावशी, तिकीट काढू देऊ नका. आधी क्रिमिनल वकील आणि इमिग्रेशन वकील दोघांनी मिळून कागद बघू दे, कारण एकाने टाकलेला अर्ज दुसऱ्याच्या केसमध्ये अडचण करू शकतो. नागरिकत्वाचा फॉर्मही तोपर्यंत भरू नये, त्यात जुनी अटक लिहावीच लागते आणि मग फाइल आपणच उघडून दिल्यासारखं होतं. आजींना सध्या व्हिडिओ कॉलवर भेटवा, आणि त्यांची तब्येत प्रवासाला झेपत असेल तर त्यांच्याच व्हिजिटर व्हिसाचं बघा.