विंडलासची मोटर जळाली असे समजण्यापूर्वी
बटण दाबल्यावर सोलेनॉइडचा (मोटरकडे वीज सोडणाऱ्या चुंबकीय स्विचचा) ‘टक्’ असा आवाज येतो, पण विंडलासची, म्हणजे बोटीचा नांगर उचलणाऱ्या यंत्राची, मोटर फिरत नाही, एवढ्यावरून ती जळाली असे आपण समजू नये. माझ्या अनुभवात दोष बहुधा गंजलेल्या जोडणीत निघतो. एकाने बटण दाबून धरावे आणि दुसऱ्याने, हात साखळीपासून दूर ठेवून, मल्टिमीटरने बॅटरीच्या व मोटरच्या टोकांवरील व्होल्टेज त्याच वेळी मोजावे. बॅटरीवर १२ आणि मोटरवर ९ व्होल्ट आढळल्यास मधले ३ व्होल्ट केबल, ब्रेकर, सोलेनॉइड किंवा एखाद्या जोडणीत वाया जात आहेत, हे निश्चित. ऋण बाजूची केबलही तपासावी. ती हमखास विसरली जाते. आवाजच येत नसेल, तर आधी ब्रेकर आणि पायाचे बटण पाहावे.