विषाणूतले 'विष' आणि ध्रुवीय समुद्र

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. ध्रुवीय समुद्रांतल्या व्हायरसांवरचा एक लेख त्या मराठीत आणत आहेत. समुद्रातले हे व्हायरस माणसाला काहीच करत नाहीत, मग त्यांना विषाणू का म्हणायचे, अशी शंका त्यांच्या स्नेह्यांनी काढली आणि 'जलाणू' हा नवा शब्द सुचवला. सोबत ताईंनी आपले एक वाक्यही तपासायला दिले आहे: 'हिवाळ्यात सुप्त असलेले जीवाणुभक्षक उन्हाळ्यात सक्रिय होऊन आपल्या यजमानांच्या वसाहतींचा नाश करतात.'

ताई, विषाणूच ठेवा. लॅटिनमध्ये 'व्हायरस' म्हणजे विष किंवा चिकट, ओंगळ द्रव. हा लॅटिन शब्द आणि संस्कृत 'विष' ही सख्खी भावंडे, एकाच प्राचीन मुळापासून आलेली. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८९८ मध्ये रोगट तंबाखूच्या पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला, तरी तो रस निरोगी झाडाला रोग लावतच राहिला. रसात जे काही होते त्याला त्यांनी व्हायरस म्हटले, कारण दिसत काहीच नव्हते आणि हाती होता तो फक्त द्रव. म्हणजे इंग्रजीतला व्हायरसही अर्थाने तितकाच 'विषारी' आहे. समुद्रात शिरला म्हणून तिकडे त्याचे नाव कोणी बदलले नाही, आपणही बदलायचे कारण नाही.

दुसरे कारण मला जास्त प्रिय आहे. संस्कृत कोशांत 'विष' या शब्दाचा आणखी एक अर्थ दिला आहे, पाणी. अलंकारशास्त्रात असंगती अलंकाराचे जे उदाहरण शिकवतात ते याच श्लेषावर उभे आहे: विष प्याले ढगांनी आणि मूर्च्छा आली ती प्रवासाला गेलेल्यांच्या बायकांना. ढग प्याले ते पाणी, आणि पावसाळा आला तरी नवरा परतला नाही म्हणून बायका मूर्च्छित. आता 'विषाणू'ची व्युत्पत्ती पाण्यावरून आहे असे मी म्हणत नाही, तशी ती नाहीच. पण ज्यांना जलाणू हवा आहे त्यांचे पाणी या शब्दात आधीपासून आहे, एवढे त्यांना नक्की सांगा.

आणि पाण्यात ते किती असतात! १९८९ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनी नैसर्गिक पाण्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत विषाणू मोजले गेले. समुद्राच्या वरच्या थरात सर्वसाधारणपणे मिलिलिटरला एक कोटीच्या घरात असतात. म्हणजे ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबात पाचेक लाख. आज मोजायची रीत अशी: पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणपटलातून ओढून घ्यायचे, वर राहील त्याला डीएनएला चिकटणारा चमकता रंग द्यायचा आणि निळ्या उजेडात पाहायचे. जीवाणू ठसठशीत हिरवे ठिपके दिसतात. त्यांच्या भोवती, मध्ये, सगळीकडे टाचणीच्या टोकाहून बारीक हिरवी धूळ दिसते, ते विषाणू. त्यातले बहुतेक जीवाणूंवर जगणारे असतात.

'वसाहत' मात्र काढाच. वसाहत वसते, एका जागी. जीवाणूंची वसाहत होते, बशीतल्या खाद्यावर ती डोळ्यांना दिसते. पण पाण्यात सुटे तरंगणारे जीवाणू असे वसत नाहीत, आणि विषाणू तर नाहीच. एका पाण्यात एका वेळी सापडणारे सगळे विषाणू मिळून जे होते त्याला 'विषाणुसमुदाय' म्हणा. (एकटा असताना 'विषाणू' दीर्घ, समासात पहिले पद झाला की 'विषाणु' ऱ्हस्व.) हा समुदाय ठरतो कशाने, हाच तुमच्या लेखाचा विषय आहे, म्हणून शब्द नेमका हवा. तारा नावाच्या शिडाच्या संशोधन नौकेने २०१३ मध्ये आर्क्टिक महासागराला वळसा घातला. जगभरातल्या तिच्या नमुन्यांचे विश्लेषण २०१९ मध्ये आले, त्यात विषाणूंचे १,९५,७२८ गट वेगळे ओळखता आले, आधीच्या यादीच्या जवळजवळ बारापट. ते पाच परिसरांत विभागले गेले आणि त्यांत आर्क्टिक व अंटार्क्टिक हे दोन स्वतंत्र परिसर निघाले. ध्रुवाकडे जाऊ तसे वैविध्य घटते असा अनेक सजीवांबाबतचा अनुभव. आर्क्टिकच्या विषाणूंनी तो खोटा ठरवला, तिथे वैविध्य भरघोस निघाले.

आता 'सुप्त'. ध्रुवीय समुद्र कळायला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमका तोच शब्द इथे घसरतो.

फेज, म्हणजे तुमच्या वाक्यातला जीवाणुभक्षक, जीवाणूत शिरला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, लगेच स्वतःच्या नकला काढायच्या आणि जीवाणू फोडून बाहेर पडायचे. दोन, आपला डीएनए जीवाणूच्या डीएनएत गुंफून तिथेच राहायचे, तो दुभंगला की त्याच्यासोबत आपलीही नक्कल करून घ्यायची. या दुसऱ्या प्रकाराला लायसोजेनिक म्हणतात. हे झोपणे नव्हे. प्रत्येक दुभंगात त्याची प्रत निघते आहे, शिवाय तशाच जातीचा दुसरा फेज आला तर त्याच्यापासून हा आपल्या पोशिंद्याला, म्हणजे ज्याच्यात राहतो त्या जीवाणूला, राखतोही. मी याला 'मुक्कामी' म्हणतो. रात्री गावात राहून पहाटे निघणाऱ्या एसटीला आपण मुक्कामी गाडी म्हणतो ना, तसे. गाडी उभी असते, पण ती आलेलीही असते आणि निघणारीही असते.

ध्रुवावरची रात्र महिनोन् महिने चालते. उजेड नाही म्हणून शैवाल वाढत नाही, शैवाल नाही म्हणून त्याच्या पाझरावर जगणारे जीवाणू विरळ आणि मंद. अशा वेळी फेज पोशिंदा फोडून बाहेर आला तर दुसरा भेटेपर्यंत नुसता तरंगत राहणार. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेच्या समुद्रात हेच दिसले आहे: वसंताच्या सुरुवातीला, पाणी उपाशी असताना, मुक्कामी फेजांचा जोर. पुढे उन्हाळ्यात शैवाल फुलते, जीवाणू भराभर वाढतात आणि फेज मुक्काम हलवून फोडायला लागतात. त्यामुळे 'सुप्त' आणि 'सक्रिय' ही जोडी सोडून 'मुक्कामी' आणि 'फोडणारे' लिहा.

गार पाण्यात सगळेच मंदावते हे अर्धेच खरे. बाहेर तरंगणारा विषाणू गार पाण्यात जास्त टिकतो, आणि बर्फाची चादर वरून अतिनील किरण अडवते. समुद्राचे पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठते तेव्हा मीठ बर्फात मावत नाही, ते बारीक बारीक नळ्यांत साठते. या खाऱ्या द्रवाला तुम्ही 'संपृक्त लवणद्राव' लिहिले आहे. आपल्याकडे कैऱ्या घालतात ते काय असते? मिठवणी. तोच शब्द इथे हवा. उणे १० अंशांना हे मिठवणी समुद्राच्या पाण्याच्या चौपट खारट होते आणि नळ्या अरुंद होत जातात. त्यांत जीवाणू आणि विषाणू दोघेही दाटीने कोंडले जातात, म्हणजे थंडी वाढली तरी गाठ पडण्याची शक्यता वाढते. आर्क्टिकच्या कोलवेलिया जीवाणूचा एक फेज शून्याखालच्या तापमानातही त्याला फोडतो. उन्हाळ्यात बर्फ वितळला की हे सगळे एकदम पाण्यात उतरते.

'यजमान' चूक नाही, पण घरी पाहुणा बोलावणाऱ्याचा भाव त्यात आहे. 'पोशिंदा' म्हटले की कोणाच्या बळावर कोण जगते ते लगेच कळते. आणि 'भक्षक'? फेज काही खात नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ द'एरेल यांनी १९१७ मध्ये बॅक्टेरिओफेज हा शब्द वापरला, तेव्हा ग्रीक 'फेज' म्हणजे खाणे हा अर्थ त्यांना शब्दशः घ्यायचा नव्हता, दुसऱ्याच्या खर्चाने वाढणे एवढेच सांगायचे होते. मराठीत याला 'जिवावर वाढणे' असा तयार वाक्प्रचार आहे. नाव म्हणून मी सरळ 'फेज' लिहितो आणि पहिल्यांदा आला की 'जीवाणूंच्या जिवावर वाढणारे विषाणू' असे एकदा उलगडतो.

इथे जीवाणूचा 'जी' दीर्घच ठेवा. आमच्या कोकणात 'जिवाणू' म्हणजे साप. 'परसात जिवाणू दिसलं' असे आजी म्हणायची, कारण तिन्हीसांजेला सापाचे नाव घ्यायचे नसते.

'भक्षक' का नको, याचे एक उदाहरण अंटार्क्टिकातच आहे. भारताचे भारती केंद्र प्रिड्झ उपसागराच्या किनाऱ्यावर आहे, आणि त्याचा कारभार आपल्या गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. त्याच उपसागराच्या किनाऱ्यावर व्हेस्टफोल्ड टेकड्यांत ऑरगॅनिक लेक नावाचे सरोवर आहे. किनारा उचलला गेला तेव्हा मागे राहिलेला समुद्राचा तुकडाच तो, समुद्राहून खारट. तिथे २०११ मध्ये एक विषाणू सापडला, जो शैवालावरच्या मोठ्या विषाणूच्या जिवावर वाढतो. त्याच्यामुळे मोठ्या विषाणूचा जोर कमी होतो आणि शैवाल अधिक वेळा फुलू शकते, असे गणित संशोधकांनी मांडले. याला 'विषाणुभक्षक' म्हटले तर कोण कोणाला खातो हा घोळ होईल. 'विषाणूच्याही जिवावर वाढणारा' म्हणा, घोळ उरत नाही.

तुमच्या वाक्यातला 'नाश'ही मला खटकतो. पेशी फुटली की तिच्यातले कर्ब, नत्र, लोह पाण्यात मिसळते आणि दुसरे जीवाणू ते उचलतात. जे क्रिलच्या (कोळंबीसारखा छोटा जीव), माशाच्या पोटात वर चढायचे, ते पुन्हा खालीच फिरते. इंग्रजीत याला 'व्हायरल शंट' म्हणतात. नदीचे पाणी पुढे जाण्याआधी बाजूला काढणाऱ्या बांधाला आपण वळणबंधारा म्हणतो, म्हणून हे 'विषाणुवळण'. अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात लोहाची चणचण असते, तिथे या वळणाने मोकळे होणारे लोह मोलाचे.

तर तुमचे वाक्य असे करून पाहा: 'लांबलेल्या रात्रीत जीवाणूंच्या पोटी मुक्कामी राहिलेले फेज उन्हाळ्यात, पोशिंदे वाढले की, त्यांना फोडून बाहेर पडतात आणि त्यांच्यातले अन्न पुन्हा पाण्यात वळवतात.'