ओपन सोर्स टूलचं इन्स्टॉलेशनचं पान सुधारायचं कसं? प्रत्येक व्हर्जनला वेगळं पान ठेवावं का?

वेगळं पान ठेवा की नका ठेवू, ते नंतर. आधी सांगा, तुमच्या टूलशी काडीचा संबंध नसलेला माणूस ते पान वाचून टूल टाकतोय, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मागे उभं राहून, तोंडातून एक शब्द न काढता?

मी पाहिलंय. चाळीस जणांचं, एकाच वेळी.

आमचं टूल लहान आहे. पायथनमधलं, कमांड लाइनवर चालणारं, सीएसव्ही फाइली तपासून देतं, बस. आम्ही तिघं नोकऱ्या करून ते चालवतो. २०२४ च्या पावसाळ्यात मुंबई उपनगरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजने शनिवारी वर्कशॉप घ्याल का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. लॅबच्या काकांनी सुट्टीत हौसेने सगळ्या मशीनवर उबुंटू लिनक्स २४.०४ टाकून ठेवलेलं, वर पायथनची पॅकेजं टाकून देणारं पिपसुद्धा. मी फळ्यावर आमच्या पानाचा पत्ता लिहिला आणि म्हटलं, "पाच मिनिटांत इन्स्टॉल करा, मग खरं काम."

पानावरची पहिलीच ओळ 'सुडो पिप इन्स्टॉल'. माझीच, २०१९ ची. मुलांकडे सुडोचा, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवायचा, पासवर्ड नव्हता. असणारच कसा, कॉलेजची लॅब ती. कुणीतरी सुडो खोडून नुसतं पिप चालवलं, तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला थेट हात घालता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या लॅपटॉपवर मी कित्येक महिने वेन्व्ह, म्हणजे सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पायथन, करूनच काम करत होते. पान मात्र होतं तिथेच. वर त्या एररमध्येच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असा, सिस्टिमच बिघडवू शकणारा पर्याय सुचवलेला असतो, आणि मागच्या बाकावरचे दोघे तो टाइप करायच्या बेतात होते. धावत जाऊन थांबवलं.

मग मी रुबाबात म्हटलं, वेन्व्ह करा. उबुंटूवर वेन्व्हचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. त्याला पुन्हा पासवर्ड. पासवर्डवाले काका जेवायला गेलेले. पाऊण तास मी त्या मुलांना ओपन सोर्सचा इतिहास सांगत बसले. निम्म्यांनी पाऊस बघितला, निम्म्यांनी मोबाइल.

काका आले, कुरकुर न करता चाळीस मशीनवर पासवर्ड टाकत फिरले. टूल बसलं. चालवलं, तर 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स'.

पॅकेज बनवायचं हे जुनं मॉड्यूल ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून काढून टाकलंय. आम्ही आमचा कोड दुरुस्तही केला होता, पण मेन ब्रँचवर, म्हणजे आमच्या चालू कामाच्या प्रतीत. रिलीज काढायचं राहिलं होतं, आणि पिप देतं ते शेवटचं रिलीज. मुलं वाचत होती ते पान म्हणजे मात्र मेनवरचं रीडमी. त्यात ठळक अक्षरात, 'पायथन ३.१२ वर चालतं'. पान एका टूलचं आणि पिपने हातात ठेवलेलं टूल भलतंच. तुमच्या व्हर्जनच्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर एवढंच आहे: लोकांना जे टूल मिळतं, त्याच टूलचं पान आधी समोर यायला हवं.

पहिल्या रांगेतली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅम, सेटअपटूल्स टाकलं की चालतंय." खरंच चाललं. ३.१२ पासून नव्या वेन्व्हमध्ये सेटअपटूल्स हे पॅकेज आपोआप येत नाही. ते टाकलं की जुनं डिस्टयुटिल्स मागच्या दाराने मिळतं. तोवर साडेतीन वाजले होते. खरं काम झालं वीस मिनिटं.

परतताना गाडीत आमच्यातला डोंबिवलीचा गडी मला म्हणतो, "ज्याला वेन्व्ह येत नाही त्याने आपलं टूल वापरायचंच कशाला? डॉक्युमेंटेशन म्हणजे काय पोरांना कडेवर घेणं आहे का?" घाटकोपर ते मुलुंड मी त्याच्याशी भांडले. मुलुंडला उतरले तरी प्लॅटफॉर्मवरून बोलतच होते.

याच गड्याला मी एकदा विचारलं होतं, "दादरला सेंट्रलच्या एक नंबरवर भेट" असं कुणी सांगितलं तर जाशील कुठे? डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने तिथले फलाट ८ ते १४ करून टाकले. एक नंबर आता फक्त वेस्टर्नला. सांगणारा खोटं बोलत नाही, पण त्याचं सांगणं कधीचं आहे हे कळल्याशिवाय उपयोग काय? माझ्या सासूबाई अजून जुनाच नंबर सांगतात, आणि त्यांना आम्ही मूर्ख म्हणत नाही.

तर, पान कोड असतो त्याच रेपोत ठेवा, म्हणजे रिलीजचा टॅग, म्हणजे व्हर्जनची खूण, लागली की पानालाही लागते. रीड द डॉक्स ही डॉक्युमेंटेशन ठेवायची साइट वापरत असाल तर 'लेटेस्ट' या नावाला भुलू नका. ती असते तुमची मुख्य ब्रँच, म्हणजे अजून न निघालेलं टूल. शेवटचं रिलीज 'स्टेबल'मध्ये असतं. उघडल्या उघडल्या तेच दिसू दे. जुन्या पानांचं काय करायचं ते पोस्टग्रेस या डेटाबेसकडून शिका: पत्त्यात 'करंट' असलेलं पान कायम चालू व्हर्जनचं, आणि जुन्या पानावर वरच इतर व्हर्जनच्या लिंकांची पट्टी. गूगल माणसाला कुठल्याही जुन्या पानावर नेऊन सोडतं, त्यामुळे ही पट्टी हवीच.

पण लहान टूल असेल तर प्रत्येक व्हर्जनच्या प्रती करत बसू नका. डॉक्युसॉरस या डॉक्युमेंटेशनच्या साइट बनवायच्या टूलमध्ये ती सोय आहे, तरी बहुतेकांना तिची गरज नसते असं त्यांचंच डॉक्युमेंटेशन सांगतं. पाच प्रती म्हणजे पाच ठिकाणी शिळं झालेलं अन्न. आम्ही एकच पान ठेवलंय, 'अमुक व्हर्जनपासून' अशा ओळींसकट. एरर जशीच्या तशी लिहिलीय, कारण लोक तीच कॉपी करून शोधतात. सेटअपटूल्सची ओळ त्या मुलीने स्वतः पाठवली, आम्ही ती एका शब्दानेही बदलली नाही.

पानावरच्या कमांड सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, कोऱ्या कंटेनरवर (नव्याकोऱ्या तात्पुरत्या सिस्टिमवर) चालवा असं सगळे सांगतात, आम्हीही चालवतो. फक्त, त्या कंटेनरमध्ये तुम्ही रूट, म्हणजे सगळे हक्क असलेले, असता. पासवर्ड मागणारं कुणी नसतं आणि जेवायला जाणारे काकाही नसतात. आमची ती शनिवारची निम्मी फजिती तिथे दिसलीच नसती.

विंडोजबद्दल मला विचारू नका. आमच्या पानावर त्याच्या तीन ओळी आहेत आणि त्यातली एक चुकीची आहे अशी तक्रार पडून आहे.

डोंबिवलीकर हे वाचणार, मला माहीत आहे. बाबा रे, गेल्या महिन्यात नव्या लॅपटॉपवर आपलंच टूल बसेना म्हणून रात्री साडेअकराला मला फोन कुणी केला होता? आणि मी काय वाचून दाखवलं होतं?