वाचकांचे प्रश्न : कलाजत्रेत स्वतःचे पुस्तक विकताना

प्रश्न : माझा मराठी कथासंग्रह मी स्वखर्चाने प्रकाशित केला आहे. मुंबईत फेब्रुवारी महिन्यात उघड्यावर भरणाऱ्या एका कलाजत्रेत विक्रीसाठी टेबल मिळण्याची शक्यता आहे. चित्रे, दागिने आणि मातीची भांडी यांच्या गर्दीत पुस्तकाकडे कोणी वळेल का? भाडे वसूल होईल का? सवलत द्यावी का? जीएसटीची नोंदणी करावी लागेल का?
— एक लेखिका, ठाणे

उत्तर : भाड्याचा हिशेब आधी करू, कारण तो घरी बसूनच करता येतो. समजा, पुस्तकाची किंमत 250 रुपये आहे, एका प्रतीच्या छपाईला 110 रुपये लागले आहेत आणि टेबलाचे भाडे 6000 रुपये आहे. तर प्रतीमागे 140 रुपये सुटतात आणि केवळ भाडे भरून निघण्यासाठी 43 प्रती खपाव्या लागतात. जाण्यायेण्याचा आणि खाण्यापिण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. पुस्तकविक्रेत्याला द्यावे लागणारे कमिशन येथे वाचते हे खरे, परंतु ते कमिशन प्रत विकली गेल्यावर द्यायचे असते आणि भाडे मात्र एकही प्रत विकण्यापूर्वी भरावे लागते. एकच पुस्तक असलेल्या लेखिकेने हा भार एकटीने उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयोजकांच्या नियमांत बसत असेल तर एखाद्या चित्रकाराबरोबर किंवा आणखी दोन लेखकांबरोबर टेबल वाटून घ्यावे.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि केवळ करमुक्त वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची सक्तीही नाही. पुस्तकांबरोबर कापडी पिशव्या किंवा भेटकार्डे ठेवण्याचा विचार असेल, तर मात्र आधी कर सल्लागाराला विचारावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ग्रंथप्रदर्शनात येणारा माणूस पुस्तक घेण्याच्या तयारीने आलेला असतो. कलाजत्रेत येणारा तसा नसतो. 1999 पासून भरत आलेल्या काळा घोडा कला महोत्सवात लोक मांडणशिल्पे पाहतात, छायाचित्रे काढतात आणि गर्दीबरोबर पुढे सरकतात. त्यांतील अनेकांना मराठी वाचताही येत नाही. म्हणून मराठी वाचक आपल्याला दुरून दिसला पाहिजे आणि त्यालाही आपण दिसलो पाहिजे. ‘मराठी कथा’ हे दोन शब्द ठळक देवनागरीत, डोळ्यांच्या उंचीवर लावावेत. टेबलावर आडवी ठेवलेली पुस्तके दुसऱ्या रांगेतील माणसाला दिसत नाहीत, यासाठी दोन-तीन प्रती उभ्या ठेवाव्यात.

कोणी थांबले की काय बोलायचे, याची तयारी बहुतेक लेखक करत नाहीत, आणि माझ्या मते विक्री तेथेच अडते. ‘समकालीन वास्तवाचा वेध घेणाऱ्या कथा’ असे सांगितल्याने कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. ‘कोकणातून गिरणगावात आलेल्या तीन बहिणींच्या या कथा आहेत’ असे म्हटले, तर ज्याची आजी अशीच मुंबईला आली असेल तो पुस्तकाकडे हात पुढे करील. आपल्या संग्रहाविषयी असे एक वाक्य आधीच ठरवून ठेवावे, ते बोलून प्रत त्याच्या हातात द्यावी आणि मग गप्प राहावे. वाचणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहून कथानक सांगत बसण्याइतके नुकसानकारक दुसरे काही नाही. ज्या पानावर कथा एकदम पकड घेते तेथे खूण घालून ठेवली, तर उभ्या उभ्या वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. त्याने पुस्तक खाली ठेवले तरी आभार मानावेत. फेरी मारून परत येणारे लोक अशा जत्रांत असतात.

सवलत देऊ नये, असे मी सुचवीन. येथे वाचकाला लेखिका प्रत्यक्ष भेटते, तिच्याशी बोलता येते आणि सही घेता येते. ऑनलाइन दुकानातील सवलतीच्या प्रतीत हे मिळत नाही. शिवाय शेवटच्या संध्याकाळी किंमत उतरवणे पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देणाऱ्यावर अन्याय करणारे आहे. सही करण्यापूर्वी नाव कसे लिहायचे ते मात्र अवश्य विचारावे, कारण नाव चुकलेली प्रत दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

दुपारच्या उन्हात मुखपृष्ठे वाकतात आणि रंग उडतात, म्हणून मोजक्याच प्रती बाहेर ठेवाव्यात आणि बाकीच्या खोक्यात, जमिनीपासून उंच, सावलीत ठेवाव्यात. गर्दी वाढली की मोबाइलचे नेटवर्क मंदावते आणि यूपीआयचे पैसे अडकतात, तेव्हा पन्नास व शंभराच्या नोटांची चिल्लर जवळ असावी. संध्याकाळच्या गर्दीत पैशांचा व्यवहार पाहायला घरचे कोणी सोबत न्यावे, म्हणजे आपले वाचकाशी चाललेले बोलणे मध्येच तुटणार नाही.