‘गड्डे’ म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : मी २३ वर्षांची, जांबोटीजवळच्या गावात राहते. जानेवारीत आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नाही. बेळगावात सोनोग्राफी केली. तिथल्या नर्सबाई कन्नडमध्ये ‘गड्डे’ म्हणाल्या, रिपोर्ट इंग्रजीत. त्यात ‘फायब्रोअडिनोमा, २.१ सेंमी, बायरॅड्स ३’ लिहिलंय. डॉक्टर पुरुष होते म्हणून दाखवायला गेले नाही. आई म्हणती, लग्न ठरेपर्यंत कुणाजवळ बोलू नको. मामी बिब्बा लाव म्हणती. गाठीला सुरी लागली की कॅन्सर होतो, असंही ऐकलंय. काय करू?

उत्तर : माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते. आधी तो बिब्बा. लावला नसशील तर लावू नकोस, लावला असशील तर आजच्या आज दवाखाना गाठ. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. खानापूरकडचीच एक बाई माझ्याकडे आली होती. तळहाताएवढी जागा काळी पडलेली, कडेनं फोड, पाणी वाहत होतं. आतली गाठ होती तशीच होती. जखम भरेपर्यंत मला तिथं नीट हातही लावता येईना.

कन्नडमधलं गड्डे म्हणजे नुसती गाठ. आपण लसणाचा गड्डा म्हणतो ना, तसंच. साधी असो की कॅन्सरची, शब्द तोच. नर्सबाईंनी तुला कॅन्सर झालाय असं सांगितलेलं नाही.

फायब्रोअडिनोमा ही पंधरा ते पस्तिशीतल्या मुलींमध्ये सर्रास दिसणारी साधी गाठ. दूध तयार करणारा भाग आणि त्याभोवतीचा तंतूंचा भाग एकाच जागी जास्त वाढला की ती होते. बोटाखाली ओल्या शेंगदाण्यासारखी सटकते. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा चिमट्यातून निसटू पाहते, आणि कापली तर आतून पांढुरकी, रबरासारखी घट्ट. बायरॅड्स ३ म्हणजे चित्र साध्या गाठीचं आहे, कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, पण गाठीवर लक्ष ठेवायचं.

मात्र तुझं एक काम राहिलंय. सोनोग्राफी झाली, पण हातानं कुणी तपासलेलंच नाही. सर्जनला दाखव. बाई डॉक्टर हव्यात असं सांगायला लाजू नकोस. नसतील तर तपासताना शेजारी नर्स किंवा आई थांबू दे. हाताला लागलेलं आणि सोनोग्राफीतलं जुळलं, तर तुझ्या वयात लगेच सुई टोचावीच लागते असं नाही. जुळलं नाही तर सुईनं तुकडा काढून तपासतील. सुईनं किंवा सुरीनं साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. हा समज का टिकलाय, ते मला ठाऊक आहे : आपल्याकडे माणूस इतक्या उशिरा ऑपरेशनला येतो की रोग आधीच पसरलेला असतो, आणि बोल सुरीला लागतो.

पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी, म्हणजे जुलैत. तेव्हा तुमच्याकडे भातलावणीची घाई असेल. तरीही एक दिवस काढच. मग पहिल्या सोनोग्राफीपासून एक वर्षानं आणि दोन वर्षांनी पुन्हा. गाठ तीन सेंमीच्या पुढं गेली, भराभर वाढू लागली किंवा तुझ्या मनाला चैनच पडेना, तर काढून टाकता येते. कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं किंवा काखेत गाठ लागली, तर तारखेची वाट बघू नकोस.

आईला हे वाचून दाखव. या गाठीनं मूल व्हायला किंवा अंगावर पाजायला अडत नाही. गरोदरपणात ती थोडी वाढू शकते, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगून ठेव. लग्नासाठी लपवावं असं यात काही नाही, आणि लपवण्यापायी तपासणी चुकली तर मला फार वाईट वाटेल.

प्रश्न : वय ५१, निपाणीच्या बाजारात हमाली करतो. उजव्या खांद्यावर बारा वर्षांपासून मऊ गाठ आहे. आता लिंबापेक्षा मोठी झालीय, पोतं ठेवलं की ठणकते. दाबून घालवता येईल का?

उत्तर : नाही दादा, दाबू नका, चोळूही नका. वर्णनावरून चरबीची गाठ वाटते. तशा बहुतेक गाठी नुसत्या राहू दिल्या तरी चालतं. पण तुमची वाढलीय आणि नेमकी ओझ्याच्या जागी आहे. म्हणून सर्जनला दाखवून सोनोग्राफी करा आणि काढून घ्या. वरवरची असेल तर तेवढ्याच जागेला भूल देऊन, पिशवीसकट काढतात. आधी रक्तातली साखर तपासा. टाके निघाल्यावरही पोतं कधी उचलायचं ते डॉक्टरांनाच विचारा. तोवर मुकादमाला सांगून दुसरं काम मागून घ्या. काढलेली गाठ लॅबला पाठवली का, हे विचारायला विसरू नका, आणि तो रिपोर्ट घरी जपून ठेवा.