पोटातली बिऱ्हाडं आणि कळण्याची भाकरी

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की आपण जेवायला बसतो तेव्हा एकटे नसतो, मोठ्या आतड्यात जंतूंची बिऱ्हाडं आहेत आणि त्यांचंही पान आपल्याच ताटातून वाढलं जातं. झालं! व्हॉट्सॲपवर प्रश्नांचा ढीग पडला. एका दादांनी तर विचारलं, "ताई, हे गट हेल्थ म्हणजे जिल्हा परिषदेच्या गटाचं काही आहे का?" नाही हो दादा, गट म्हणजे आतडं, आचारसंहिता लागत नाही त्याला. यावेळी निवडक प्रश्न घेतलेत.

अमळनेरच्या माहेरवाशीण ताई विचारतात: लग्न होऊन पुण्याला गेले त्याला ६ वर्षं झाली. डिसेंबरात माहेरी आले तर आईने पहिल्याच दिवशी कळण्याची भाकरी आणि भरीत केलं. पोटभर खाल्लं आणि रात्रभर पोटाचं नुसतं ढोलकं. लहानपणी तर रोज खायचे, तेव्हा काही व्हायचं नाही. आई म्हणते पुण्याचं पाणी बाधलं. माझं आतडं बिघडलंय का?

ताई, आतडं बिघडलेलं नाही, बिऱ्हाडं बदललीत. कळणा म्हणजे काय ते एकदा डोळ्यासमोर आणा, ज्वारीत सालासकट काळे उडीद मिसळायचे, जाडं मीठ टाकायचं आणि एकत्र दळून आणायचं, पीठ राखाडी दिसतं आणि बारीक बघितलं तर त्यात उडदाच्या सालीचे काळे ठिपके दिसतात. ते ठिपके तुम्हाला पचत नाहीत. उडदातल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा पण पचत नाहीत, त्या तोडायचं एन्झाइमच माणसाच्या लहान आतड्यात नसतं. मग हा सगळा माल जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथं जंतूंची पंगत बसते. ते हे आंबवतात, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, काहींच्या पोटात मिथेनही बनतो, तेच तुमचं ढोलकं. आणि उडदाला एकट्याला बदनाम करू नका, भरतात मूठभर कांद्याची पात आणि लसूण होता की नाही? त्यातलं फ्रुक्टॅन पण आपल्याला पचत नाही, तेही खाली त्याच पंगतीला जातं.

पण त्याच आंबवण्यातून गॅससोबत आणखी एक गोष्ट निघते, ब्युटिरेट नावाचं छोटं फॅटी ॲसिड. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा रक्तातून येणाऱ्या साखरेऐवजी याच्यातून घेतात, म्हणजे ती भिंत ज्याच्यावर जगते ते तुम्ही खाताच नाही, तुमचे जंतू बनवून देतात. जंतूंना सालं-कोंडा मिळाला नाही तर त्यातले काही जण आतड्याच्या आतला चिकट थर, तो म्युकस, तोच खायला लागतात. भाडेकरूला उपाशी ठेवलं तर तो भिंतीचं प्लास्टर खरवडणारच.

पुण्यात ६ वर्षं तुम्ही काय खाल्लं ते तुम्ही लिहिलं नाही पण मी सांगते, सकाळी ब्रेड नाहीतर पोहे, डब्यात पोळी-बटाटा, रात्री वरण-भात किंवा ऑर्डर. साल खाणारे जंतू मेले नाहीत पण कमी झाले, आणि अचानक पहिल्याच दिवशी दोन जाड भाकऱ्या उतरल्या. आता करायचं काय, तर पुण्याला जाताना कळण्याचं पीठ घेऊन जा पण आईला सांगा पहिल्या दळणात उडीद कमी टाक, नेहमीच्या निम्मे. आठवड्यातून दोनदा अर्धी-अर्धी भाकरी, महिनाभराने पुढची पायरी. छोले-राजमा भिजवून पाणी फेकलं की त्या साखरा थोड्या कमी होतात, पण कळण्यात उडीद कोरडेच दळतात म्हणून ती युक्ती इथं चालत नाही, प्रमाणच कमी करावं लागतं. पाणी भरपूर प्या. आणि हो, पोट फुगण्यासोबत शौचात रक्त, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही असेल तर माझा कॉलम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

आईला हेही सांगा की पाण्याचा दोष नव्हता. ऐकणार नाही ती, तरी सांगा.

यावलचे एक केळी उत्पादक काका विचारतात: माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले केळी बंद. घरात केळी, शेतात केळी, आणि मी खायची नाही? पुतण्या म्हणतो कच्ची केळी खा, ती जंतूंना चांगली. खरं काय?

काका, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीसच्या उंबऱ्यावर, अजून आत पाऊल पडलेलं नाही. पुतण्या अर्धा बरोबर आहे. घड झाडावर हिरवा असतो तेव्हा केळ्यात बहुतेक स्टार्च असतो आणि त्यातला बराचसा असा की तो लहान आतड्यात तुटतच नाही, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात, तो थेट जंतूंच्या पंगतीला. तुमचा माल रायपनिंग चेंबरमध्ये जातो आणि चार-पाच दिवसांत पिवळा होऊन निघतो ना, तेव्हा तोच स्टार्च साखरेत बदललेला असतो. म्हणजे हिरवं केळं जंतूंचं, पिवळं तुमचं, ठिपके पडलेलं तर अगदीच तुमचं.

पण पुतण्याने हे नाही सांगितलं की कच्चं केळं शिजवलं की तो स्टार्च फुलतो आणि बराचसा पचण्यासारखा होतो. गार झाल्यावर थोडा परत आवळतो. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी चांगलीच आहे पण औषध समजून खाऊ नका, आणि वेफर्स तर मोजूच नका, ते तेलात तळलेलं असतं, जंतूंच्या नावाने पावती फाडायची आणि खायचं आपण, असं नको.

पिकलं केळं पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, तुमचे डॉक्टर तुमचे बाकीचे रिपोर्ट बघून बोलले असतील तर त्यांचं ऐका. १०० ग्रॅम गरात २० ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, म्हणजे एक मोठं केळं जवळपास दीड पोळीच्या हिशोबात धरा. गोची कुठं होते तर दुपारी तीन पोळ्या, भात, आणि त्यावर शिकरण, त्या शिकरणात परत चमचाभर साखर! लहान केळं, थोडं करकरीत असताना, एका पोळीच्या बदल्यात खाऊन बघा आणि दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर तपासा. दोन-तीन वेळा असं केलं की तुम्हालाच कळेल तुमच्या अंगाला किती चालतं, कारण एकच फळ दोघांनी खाल्लं तरी साखर सारखी वाढत नाही.

पारोळ्याच्या एक मावशी विचारतात: सुनेने पोळी बंद करून ज्वारी सुरू केली, म्हणते गव्हात फायबर नसतं. आमचं पीठ मी तीनदा चाळते, एकदम मऊसूत. तरी गव्हात काहीच नाही का?

मावशी, सुनेचा मुद्दा निम्मा आणि तुमची चाळण पूर्ण चुकीची. सालासकट दळलेल्या गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ११ ग्रॅम फायबर असतं, ज्वारीत १० च्या आसपास, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. म्हणजे गहू वाईट नाही, चाळणीत जे उरतं ते महत्त्वाचं. तुम्ही तो कोंडा काय करता? म्हशीला घालत असणार. म्हशीच्या पोटातले जंतू खूश आणि सुनेच्या पोटातले उपाशी! एकदाच चाळा, काडी-कचरा निघाला की बास. ज्वारीचा फायदा वेगळा आहे, तिच्यातला स्टार्च प्रथिनांच्या जाळीत अडकलेला असतो म्हणून सावकाश पचतो, आणि दादर ज्वारीची भाकरी असेल तर चवीचं काय सांगावं. दोन्ही खा, आलटून-पालटून.

आणि सकाळची शिळी भाकरी ताकात कुस्करून खायची आपली जुनी सवय, ती बंद करू नका, गार झालेल्या भाकरीत रेझिस्टंट स्टार्च थोडा वाढलेला असतो. भाताचं मात्र तसं नाही, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री असते त्यात रात्रभर बाहेर ठेवलेला भात म्हणजे उलट्यांना आमंत्रण, उरला की लगेच फ्रिजमध्ये.

भुसावळचे रेल्वेतून रिटायर झालेले एक काका विचारतात: मुलाने ऑनलाइन किट मागवलं, शौचाचा नमुना पाठवला, रंगीत रिपोर्ट आला आणि त्यात माझे जंतू 'पुअर' आहेत असं लिहिलंय. सोबत महिन्याच्या, जिवंत जंतू भरलेल्या कॅप्सूलही. घेऊ का? आणि बारीक माणसाचे जंतू घेतले तर वजन उतरतं म्हणे?

काका, पुअर कोणाच्या मानाने? आपल्या अंगात जंतू आहेत साधारण ३८ लाख कोटी, २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी नीट मोजदाद करून काढलेला अंदाज आहे हा, आणि आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. (एका पेशीमागे दहा जंतू असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते जुनं आणि चुकलेलं.) या गर्दीतलं 'चांगलं' मिश्रण कोणतं याचं एक ठरलेलं माप अजून कोणाकडे नाही, जळगावच्या माणसाचं वेगळं, जपानच्या माणसाचं वेगळं, आणि दोघंही ठणठणीत असू शकतात. तो रिपोर्ट फाईलला लावून ठेवा. कॅप्सूल काही ठराविक आजारांत डॉक्टर देतात, ते वेगळं, पण धडधाकट माणसाने महिनोन्महिने घ्यायला मी सांगणार नाही. त्यातले बहुतेक जंतू पाहुण्यासारखे, घेणं बंद केलं की निघाले. तसं तर ताकातलेही पाहुणेच, पण ताक स्वस्त आहे आणि उन्हाळ्यात दुसरं काय पिणार. फक्त कढी केली की ते उकळून मेले हे लक्षात ठेवा.

बारीक माणसाच्या जंतूंचं म्हणाल तर तो प्रयोग उंदरांवरचा. अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या लॅबमध्ये २००६ मध्ये लठ्ठ उंदरांचे जंतू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांना दिले तर त्यांची चरबी जास्त वाढली. २०१३ मध्ये त्यांनी जुळ्या बहिणींचे जंतू घेतले, एक लठ्ठ एक बारीक, ते वेगवेगळ्या उंदरांना दिले आणि ते उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यातून बारीकवाल्यांचे जंतू लठ्ठवाल्यांत शिरले आणि त्यांची चरबी वाढली नाही. पण हे कधी झालं, तर खाणं कमी चरबीचं आणि भरपूर फायबरचं होतं तेव्हा. खाणं उलट दिलं तर ते जंतू शिरलेच नाहीत. बिऱ्हाड येईल हो, पण घरात दाणा नसेल तर राहील कशाला? माणसात तर वजन उतरवायला हा उपाय अजून सिद्धच नाही. कॅप्सूलच्या पैशात महिनाभर मेथी, गवार, शेवग्याच्या शेंगा आणा.

चोपड्याचा एक भाऊ, वय ३२, विचारतो: वजन ५८ किलो, सगळे मला काडी म्हणतात, तरी शुगर निघाली. हे कसं काय?

भाऊ, आपल्याकडे हे नवीन नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता, दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवतो. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि पोटात, लिव्हरभोवती चरबी जास्त, आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच उचलतात, गोदामच लहान असेल तर माल रस्त्यावर पडून राहणार. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सर्व्हेत देशात १०.१ कोटी डायबेटीसवाले आणि १३.६ कोटी उंबऱ्यावरचे निघाले, सगळे काही ढेरपोटे नाहीत त्यात. टेपने कंबर मोज. गोळ्या चालू आहेत त्या स्वतःच्या मनाने बंद करू नको. वजन उतरवायच्या नादी लागू नको, तुला स्नायू पाहिजेत, म्हणून उठाबशा, दंड, आणि ताटात रोज डाळ-उसळ-अंडं जे चालत असेल ते. आणि तुझ्या वयात, एवढ्या कमी वजनावर शुगर निघाली तर तो नेमका कोणत्या प्रकारचा डायबेटीस आहे हे डॉक्टरांना एकदा नक्की विचार.

एरंडोलच्या एक ताई: मुलाला सर्दी झाली की मेडिकलवरून तीन दिवसांची अँटिबायोटिक आणते. चालतं ना?

नाही चालत. साधी सर्दी व्हायरसची, अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं, म्हणजे सर्दीचं काही वाकडं होत नाही आणि पोटातली बिऱ्हाडं मात्र उठतात. मी स्वतः भोगलंय, एका लग्नसराईत घसा धरला म्हणून एका ओळखीच्या डॉक्टरांनी तपासणी न करता पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला, मी पण शहाणी, मुकाट घेतला, आणि पुढचे दोन महिने घरी भरीत असलं की मी आपली दही-भातावर. काही आठवड्यांत बरेचसे जंतू परततात पण काही जाती महिनोन्महिने येत नाहीत, काही तर येतच नाहीत. डॉक्टरांनी तपासून, गरज बघून दिलं तर मात्र सांगितलं तसं घ्यायचं, अर्धवट सोडायचं नाही.

जाता जाता, धुळ्याचा एक भाऊ आपल्या अहिराणीत विचारतो: "ताई, ढाब्यावर शेवभाजी खास (खातो) आन् मन्हं पोट फुगस. शेवभाजी सोडू का?"

सोडू नको रे. पण तर्री वरून काढून टाकायला सांग, शेव एकच वाटी, दुसरी वाटी मागायची नाही, पोळीऐवजी भाकरी घे, कांदा कमी खाऊन बघ, फुगवणारा तोच असू शकतो. आणि जेवण झालं की लगेच गाडीला किक मारू नको, ढाब्यापासून पुढच्या फाट्यापर्यंत पायी जाऊन ये, गाडी कोणी नेत नाही.