वाचक विचारतात : चंद्रांच्या पोटात काय आहे?

ग्रहांच्या चंद्रांविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पृथ्वीच्या चंद्राबद्दल बोलताना 'आपला चंद्र' असे म्हटले आहे.

प्रश्न : चंद्रावर कोणी खोल खणलेले नाही. तरीही पुस्तकांत गाभा, प्रावरण, कवच अशी थरांची आकृती छापलेली असते. ती कशाच्या आधारावर?

शंका रास्त आहे. अपोलो मोहिमांनी काढलेला सर्वांत खोल नमुना जेमतेम तीन मीटरचा आहे. त्याखालचे सगळे चित्र बाहेरून घेतलेल्या मोजमापांवर उभे आहे. त्यातले पहिले मोजमाप सरासरी घनतेचे, आणि ते कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर कोणालाही काढता येते.

आपल्या चंद्राच्या पृष्ठभागापासून १०० किमी उंचीवर फिरणारे यान एक फेरी सुमारे ७०६८ सेकंदांत, म्हणजे ११८ मिनिटांत पूर्ण करते. चंद्राची त्रिज्या १७३७.४ किमी, म्हणून कक्षेची त्रिज्या १८३७.४ किमी. ७०६८ चा वर्ग करा. तो पाच कोटींच्या किंचित खाली येतो. पायची (π) तिप्पट घेऊन तिला गुरुत्वस्थिरांकाने भागले की १४१.२ अब्ज मिळतात. या संख्येला त्या वर्गाने भागा : २८२७. आता कक्षेची त्रिज्या चंद्राच्या त्रिज्येच्या १.०५७६ पट आहे, तिचा घन १.१८३. दोन्हींचा गुणाकार ३३४४. एक घनमीटर चंद्राचे सरासरी वस्तुमान ३३४४ किलो, म्हणजे पाण्याच्या ३.३४ पट.

यात हमखास होणारी चूक म्हणजे १०० किमी ही उंचीच कक्षेची त्रिज्या म्हणून घेणे. दुसरी अडचण खऱ्या मोजमापातही येते : त्रिज्येचा घन होत असल्याने तिच्यात एक टक्का चूक असेल, तर घनतेत तीन टक्के चूक पडते. ओबडधोबड आकाराच्या लहान चंद्रांच्या बाबतीत याचाच त्रास सर्वाधिक.

बर्फाची घनता ०.९, खडकाची तीनच्या आसपास आणि लोखंडाची आठच्या जवळ धरली की आकडे बोलू लागतात. गुरूचा आयो ३.५३ : खडक आणि आत धातू. युरोपा ३.०१ : बहुतांश खडक, वर पाण्या-बर्फाचे वेष्टण. गॅनिमीड १.९४ : खडक आणि बर्फ साधारण निम्मे निम्मे. शनीचा मिमास १.१५ : जवळजवळ सगळा बर्फच.

प्रश्न : पण घनता तर सरासरी असते. खडक आणि बर्फ एकमेकांत मिसळलेले आहेत की थरांनी वेगळे झाले आहेत, हे तिच्यावरून कसे कळणार?

नाही कळत. त्यासाठी दुसरा आकडा लागतो, जडत्व-आघूर्णाचा गुणांक. वस्तुमान केंद्राजवळ किती एकवटले आहे, ते तो सांगतो. आतून बाहेरपर्यंत एकसारख्या गोलासाठी तो ०.४ येतो. जड पदार्थ मध्यभागी बसला की तो घटतो. पृथ्वीचा गुणांक ०.३३१ आहे, तिचा लोखंडी गाभा मोठा आहे. आपल्या चंद्राचा ०.३९३, म्हणजे गाभा आहे पण चिमुकला. गॅनिमीडचा ०.३११ : धातू, खडक आणि बर्फ पूर्ण वेगळे झालेले. शेजारचा कॅलिस्टो आकाराने जवळपास तेवढाच, पण त्याचा गुणांक ०.३५५. तिथे खडक आणि बर्फ अर्धवटच वेगळे झालेले दिसतात.

कॅलिस्टोच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. यान शेजारून झपाट्याने निघून जाते तेव्हा गुरुत्वाकर्षणातला चपटेपणा तेवढा मोजता येतो. त्यापुढे हा गोल द्रवासारखा समतोलात स्थिरावला आहे असे गृहीत धरूनच गुणांक काढतात. हे गृहीतक थोडे जरी डळमळीत असले, तरी 'अर्धवट वेगळा' हा निष्कर्ष बदलू शकतो. आपल्या चंद्राला हे गृहीतक लागत नाही, कारण त्याचे डोलणे, म्हणजे फिरताना होणारी त्याची बारीक हालचाल, पृथ्वीवरून सोडलेल्या लेसरने स्वतंत्रपणे मोजली आहे.

प्रश्न : अपोलो यानाचा भाग आदळला तेव्हा चंद्र घंटेसारखा तासभर वाजत राहिला, म्हणून तो आतून पोकळ आहे, असे सांगणारे व्हिडिओ फिरतात. यात तथ्य किती?

घटना खरी, निष्कर्ष चुकीचा. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या चांद्रयानाचा वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला. त्याची कंपने जवळजवळ तासभर नोंदली गेली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या रॉकेटचा तिसरा टप्पा आदळला तेव्हा ती तीन तासांहून जास्त टिकली.

कारण वरच्या काही किलोमीटरमध्ये आहे. अब्जावधी वर्षांच्या उल्कापातांनी तिथला खडक तडकून त्याचा चुरा झाला आहे. प्रत्येक भेगेवरून लाट परावर्तित होते, पुन्हा पुन्हा फिरते. पृथ्वीवरच्या खडकांत पाणी असते, ते अशा लाटांची ऊर्जा शोषून घेते. चंद्राचा खडक ठणठणीत कोरडा, त्यामुळे लाट विझता विझत नाही.

पोकळपणाची परीक्षा वरच्या जडत्व-आघूर्णाच्या गुणांकानेही होते. आतून पोकळ, पातळ कवचाचा गुणांक ०.६६७ पर्यंत जातो. म्हणजे पोकळी असेल तर आकडा ०.४ च्या वर असायला हवा. आपल्या चंद्राचा तो खाली आहे. शिवाय ७०० ते १२०० किमी खोलीवर नियमित चंद्रकंप होतात, पृथ्वीच्या ओढीने चंद्रात उठणाऱ्या भरतीच्या साधारण २७ दिवसांच्या चक्राला धरून, त्याच त्या ठिकाणी. पोकळीत कंप होत नाहीत.

प्रश्न : मंगळाच्या फोबोसबद्दलही असेच वाचले होते. तोही अफवेचाच प्रकार का?

तो अफवेपेक्षा सन्माननीय प्रकार होता. १९५० च्या दशकाअखेरीस सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी फोबोस पोकळ असावा असे सुचवले होते, कारण त्याची कक्षा ज्या वेगाने आक्रसते असे तेव्हा मानले जात होते, तो वेग भरीव गोलाच्या हिशेबात बसत नव्हता. पुढे मूळ वेगच फुगवलेला निघाला. आजच्या मोजमापांनुसार फोबोस शंभर वर्षांत सुमारे दोन मीटर मंगळाजवळ येतो, आणि त्याला मंगळावर उठणारी भरती पुरेशी आहे. घनता १.८७ असल्याने आत बऱ्याच फटी असाव्यात. पण फटी वेगळ्या आणि पोकळी वेगळी.

प्रश्न : आपल्या चंद्राचा गाभा वितळलेला आहे का?

बाहेरचा भाग वितळलेला, आतला घन. अपोलोच्या भूकंपमापकांनी १९७७ पर्यंत जमवलेल्या नोंदी २०११ मध्ये नव्या पद्धतीने तपासल्या गेल्या. त्यातून घन गाभ्याची त्रिज्या सुमारे २४० किमी आणि त्याभोवतीच्या द्रव गाभ्याची सुमारे ३३० किमी आली. लेसर मोजमापेही द्रव थराकडेच बोट दाखवतात : चंद्राच्या परिवलनात होणारे ऊर्जेचे बारीक नुकसान आत काहीतरी घासत, सरकत असल्याशिवाय जमत नाही.

मात्र अपोलोच्या भूकंपमापकांची एकत्र काम करणारी चारही केंद्रे चंद्राच्या पृथ्वीकडल्या बाजूला, एकमेकांपासून फार तर हजार-अकराशे किलोमीटरवर होती. पलीकडच्या बाजूच्या खोल भागाबद्दल त्या नोंदी फारच थोडे सांगतात.

प्रश्न : आयो सूर्यापासून एवढा दूर आणि आकाराने आपल्या चंद्राएवढाच. मग तिथे ज्वालामुखी कसे?

हा प्रश्न १९७९ च्या मार्चपर्यंत कोणी विचारलाच नसता. २ मार्चला पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तीन शास्त्रज्ञांचा शोधनिबंध छापून आला : आयो आतून वितळलेला असावा आणि ज्वालामुखी दिसण्याची शक्यता आहे. ५ मार्चला व्हॉयेजर १ यान आयोजवळून गेले आणि त्याने ८ मार्चला घेतलेल्या छायाचित्रात मोहिमेतल्या अभियंता लिंडा मोराबिटो यांना ज्वालामुखीचा फवारा दिसला. भाकीत इतक्या चटकन खरे ठरल्याची उदाहरणे विज्ञानात फार नाहीत.

उष्णता भरतीतून येते. आयोची कक्षा गुरूपासून सरासरी ४,२१,८०० किमीवर आहे आणि अगदी थोडी लंबवर्तुळाकार आहे. तेवढ्यानेही दर १.७७ दिवसांत गुरूपासूनचे अंतर सुमारे ३,५०० किमीने कमी-जास्त होते. भरतीचा ताण अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे घन पृष्ठभाग शंभर मीटरपर्यंत वर-खाली होतो. या सततच्या मळण्यातून खडक तापतो. पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून दोन वॉटहून अधिक उष्णता बाहेर पडते. पृथ्वीचा आकडा ०.०९ वॉट आहे.

खरे तर अशा घर्षणाने कक्षा कालांतराने वर्तुळाकार होऊन सगळे थंडावायला हवे. ते होत नाही, कारण युरोपाची एक फेरी होते तेव्हा आयोच्या दोन होतात, आणि गॅनिमीडच्या एका फेरीत आयोच्या चार. शेजाऱ्यांचे ओढणे दर खेपेला त्याच जागी येते आणि कक्षा पुन्हा लांबट होते. या शेजाऱ्यांशिवाय आयो केव्हाच निवाला असता.

वितळलेला खडक आत नेमका कुठे आहे, यावर मात्र दोन मोजमापे भांडली. गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय नोंदींवरून २०११ मध्ये कवचाखाली सलग लाव्हारसाचा थर असल्याचे सुचवले गेले. जूनो यान डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोपासून दीड हजार किमीवरून गेले. भरतीने आयो किती वाकतो हे त्याने मोजले. सलग उथळ थर असता तर आयो जास्त वाकला असता. तो तेवढा वाकत नाही. तेव्हा लाव्हारस सलग नसून ठिकठिकाणी साठलेला असावा, असे मानणे आज जास्त सयुक्तिक.

प्रश्न : युरोपाच्या बर्फाखाली समुद्र आहे हे चुंबकाने कसे कळते?

गुरूच्या चुंबकीय क्षेत्राचा अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षाशी सुमारे दहा अंशांनी कललेला आहे. गुरू दहा तासांहून किंचित कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे युरोपाच्या जागी क्षेत्राची दिशा दर ११.२ तासांच्या चक्रात उलटसुलट होते. बदलत्या क्षेत्रात विद्युतवाहक ठेवला की त्यात प्रवाह उठतात आणि ते विरोधी क्षेत्र तयार करतात. गॅलिलिओ यानाला युरोपाजवळ असेच क्षेत्र सापडले. ३ जानेवारी २००० च्या भेटीत गुरूचे क्षेत्र उलट्या दिशेचे असताना युरोपाचेही उलटलेले दिसले. कायमचा चुंबक असता तर त्याने दिशा बदलली नसती.

वाहक बर्फ असू शकत नाही. बर्फातून वीज जवळजवळ वाहतच नाही. लोखंडी गाभाही नाही, कारण असे क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होते आणि गाभा फार खोल आहे. वाहक पृष्ठभागापासून काही दहा किलोमीटरच्या आतच हवा. खारे पाणी या वर्णनात चपखल बसते.

समुद्र किती खोल, हे मात्र या पद्धतीने सुटत नाही. कमी खारट पण जाड थर आणि जास्त खारट पण पातळ थर जवळजवळ सारखीच खूण उमटवतात. '१५ ते २५ किमी बर्फ, खाली शंभर किमी पाणी' हे ठोकळ अंदाज आहेत. एवढ्या नेमकेपणाने ते कोणी मोजलेले नाही.

प्रश्न : शनीचा चंद्र एन्सेलॅडस याच्यावरचे पाण्याचे फवारे दक्षिण ध्रुवावरच आहेत. मग समुद्र सगळीकडे आहे असे का म्हणतात? तिथे फक्त एखादे डबके नसेल का?

दहा वर्षे हाच वाद होता. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला २००५ मध्ये फवारे दिसले. निकाल लागला तो डोलण्यावरून. कॅसिनीच्या छायाचित्रांत विवरांच्या जागा वर्षानुवर्षे मोजल्यावर एन्सेलॅडस ०.१२ अंशाने डावी-उजवीकडे डोलतो असे आढळले. विषुववृत्तावर हे सरकणे सुमारे ५३० मीटरचे भरते. कवच आतल्या खडकाला चिकटलेले असते तर डोलणे याहून बरेच कमी आले असते. म्हणजे कवच सर्व बाजूंनी सुटे आहे आणि मधे द्रव आहे.

फवाऱ्यांत मीठ, सिलिकाचे सूक्ष्म कण, हायड्रोजन आणि फॉस्फेट सापडले. सिलिकाचे असे कण व्हायला ९० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी लागते, त्यामुळे तळाशी गरम पाणी खडकाला भिडत असावे. जीवसृष्टी? त्याचा पुरावा यात कुठेही नाही.

प्रश्न : मिमासच्या पृष्ठभागावर भेगा नाहीत. तिथेही समुद्र असल्याचे वाचले, ते कसे?

मिमास अपेक्षेच्या दुप्पट डोलतो, हे २०१४ मध्ये कळले. तेव्हा कारणे दोन होती : आत लांबट आकाराचा खडकाळ गाभा किंवा समुद्र. २०२४ मध्ये त्याच्या कक्षेतील सूक्ष्म बदलांनी कौल समुद्राच्या बाजूने दिला. २० ते ३० किमी बर्फाखाली तो आहे आणि वय अडीच कोटी वर्षांहून कमी असावे. इतक्या अल्पावधीत वरच्या बर्फावर त्याचे परिणाम अजून उमटलेले नाहीत.

प्रश्न : येत्या वर्षांत या अंदाजांची खात्री कशी होईल?

नासाचे युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले, एप्रिल २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचायचे आहे. किरणोत्सर्गामुळे ते युरोपाभोवती न फिरता गुरूभोवती फिरत ४९ वेळा युरोपाजवळून जाईल. एप्रिल २०२३ मध्ये निघालेले युरोपीय यान ज्यूस २०३१ मध्ये गुरूजवळ पोहोचून २०३४ मध्ये गॅनिमीडच्या कक्षेत शिरायचे आहे.

क्लिपरवर ९ आणि ६० मेगाहर्ट्झचे रडार आहे. ६० मेगाहर्ट्झचे वरचे काही किलोमीटर बारकाईने पाहील, ९ चे थंड आणि शुद्ध बर्फातून तीस किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पण बर्फ उबदार किंवा खारट असेल तर तो लहरी गिळून टाकतो. म्हणून रडारला प्रतिध्वनी आला नाही, तर 'समुद्र नाही' असा अर्थ लावता येणार नाही. तेव्हा उपयोगी पडेल ती भरती : खाली समुद्र असेल तर युरोपाचा बर्फ एका फेरीत सुमारे तीस मीटर वर-खाली होईल, तळापर्यंत घन असेल तर मीटरभरच.